शीतकक्षाची वाळू ओली कशी ठेवावी?



वैशाखात संध्याकाळी काढलेली मेथीची जुडी सकाळी बाजारात पोचेपर्यंत मान टाकते. व्यापारी जुडी हातात घेऊन बघतो आणि भाव पाडतो. माल टिकणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं नि आपल्यालाही. मग पडेल त्या भावात माल देऊन मोकळं व्हावं लागतं. या अडचणीवर विटा, वाळू आणि पाणी यांवर चालणारा एक उपाय दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात तयार केला. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. त्याला वीज लागत नाही. मात्र पाण्याची व्यवस्था चुकली तर बांधलेला कक्षही थंड होत नाही. म्हणून आज मुख्यतः पाण्याविषयी बोलू.

आधी बांधणी थोडक्यात सांगतो. उंचवट्यावर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद असा विटांचा तळ करायचा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, ६७ सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन फूट उंच उभ्या करायच्या. दोन्हींमध्ये साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच फट ठेवून ती नदीच्या वाळूने भरायची. वर वाळ्याचं किंवा गवताचं झाकण आणि त्याच्याही वर छप्पर. अशा कक्षात सुमारे १०० किलो माल मावतो. विटांना गिलावा करू नका. वीट उघडी राहिली तरच ती पाणी बाहेर सोडते. वाळू धुऊन घ्या. मातीमिश्रित वाळूत पाणी नीट उतरत नाही.

आता यातलं मर्म पाहू. पाणी ओतल्याने गारवा येत नाही, पाणी उडून गेल्याने येतो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. सात किलो बर्फ वितळताना जवळजवळ तेवढीच उष्णता लागते. पण तेच एक लिटर पाणी तळाशी झिरपून जमिनीत गेलं, तर आपल्या पदरात काही पडत नाही. तेव्हा पाणी थोडं थोडं, सगळीकडे सारखं आणि खंड न पडता मिळालं पाहिजे.

पहिल्या दिवशी तळ, भिंती आणि वाळू पूर्ण भिजवून घ्या. माल त्यानंतरच ठेवा. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ झारीने फटीतल्या वाळूवर सावकाश पाणी दिलं तरी काम भागतं. कडक उन्हात दुपारीही एक फेरी करावी.

ठिबकची सोय केली तर अधिक बरं. ५० ते १०० लिटरचा ड्रम पुरुषभर उंचीच्या मजबूत मांडणीवर ठेवा. तोटी बुडापासून दोन-तीन इंच वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहील. ठिबकची नळी फटीतल्या वाळूवर चौफेर फिरवून तिची दोन्ही टोकं तोटीच्या नळीला जोडा, म्हणजे पाणी दोन्हीकडून येईल. वीत-वीतभर अंतरावर सूक्ष्म नळ्या लावा. शेतातले दाब सांभाळणारे ड्रिपर इथे वापरू नका, एवढ्याशा उंचीवर ते नीट चालत नाहीत. नळी पाणसळीत असावी. एक बाजू खाली गेली की तिकडे चिखल आणि दुसरीकडे कोरडं अशी गत होते.

नळी वाळूत दाबण्याआधी प्रत्येक सूक्ष्म नळीखाली सारख्या वाट्या ठेवून दहा मिनिटं पाणी सोडा. वाट्या सारख्या भरल्या तर जोडणी बरोबर आहे.

पाणी पुरेसं आहे की नाही हे कसं ओळखायचं? फटीतली मूठभर वाळू काढून दाबा. गोळा झाला आणि पाणी गळलं नाही, तर ठीक. वाळू हातातून सुटली तर तोटी थोडी उघडा. तळाभोवती डबकं दिसलं तर तोटी कमी करा. वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायामाणसांना किती पायपीट करावी लागते, हे लक्षात घेऊन डबकं होऊ देऊ नये. ड्रमवर खुणा करून रोजचा खर्च मोजा. चार दिवसांत आपल्या कक्षाचा अंदाज येतो.

निगाही महत्त्वाची आहे. ड्रमच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधा. त्याने कचरा अडतो आणि डासही आत अंडी घालत नाहीत. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून, घासून, कोरडा करावा. नळीचं बूच काढून गाळ वाहू द्यावा. विहिरीचं पाणी जड असेल तर विटांवर पांढरे क्षार धरतात आणि विटांची छिद्रं बुजतात. ते ताठ ब्रशाने घासून काढा. हंगामाअखेर वाळू काढून धुवा.

माल छिद्रांच्या क्रेटमध्ये ठेवा. पाण्याचे थेंब मालावर पडता कामा नयेत, नाहीतर कूज लागते. कांदा-लसूण इथे ठेवू नये, त्यांना कोरडी हवा लागते.

हा कक्ष कोरड्या हवेत चांगला चालतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंशांनी कमी तापमान राहू शकतं. कोकणातल्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात तेवढा फरक पडत नाही. परीक्षा सोपी आहे. दोन सारखे थर्मामीटर सावलीत वाऱ्यावर टांगा आणि एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा. दोघांत जेवढं अंतर, त्याहून जास्त गारवा मिळणार नाही. अंतर दोन-तीन अंशांचंच असेल तर कक्षावर खर्च करू नका.

पालेभाजी दोन दिवस जास्त टिकली, तरी आजचा भाव पडला म्हणून आजच विकण्याची सक्ती राहत नाही. उद्याचा बाजार पाहण्याची सवड मिळते. तेव्हा रोज सकाळी वाळूत हात घालून ओल पाहा, एवढंच सांगून मी थांबतो.

नमस्कार.