हिमक्रीडेचें गांव निवडतांना

स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ या गांवीं योहानेस बाड्रुट नांवाचा एक हॉटेलमालक होता. उन्हाळा संपला कीं त्याचे इंग्रज पाहुणे लंडनच्या धुक्यांत परत जात. इ. स. १८६४ मध्यें असेच पाहुणे निघण्याच्या तयारींत असतांना त्यानें त्यांच्याशीं पैज मारली, अशी कथा सांगतात. हिंवाळ्यांत येऊन पाहा, येथील ऊन पसंत पडलें नाहीं तर प्रवासखर्च माझा, असें तो म्हणाला. पाहुणे नाताळांत आले आणि ईस्टरपर्यंत हालले नाहींत. आल्प्स पर्वतांतील हिंवाळी सहलींचा आरंभ या पैजेपासून झाला असें मानण्याचा प्रघात आहे.

आज पाहुण्यांस बोलावण्यासाठीं पैज मारावी लागत नाहीं. एकट्या ब्रिटनमधून लाखों माणसें हिंवाळ्यांत आल्प्सकडे धांव घेतात. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाहि शाळेस सुटी लागली कीं हा मोह पडतो. खेळ दिसावयास सोपा आहे. दोन्ही पायांस एक एक लांब व अरुंद फळी अडकवावयाची, तिला स्की म्हणतात. हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या, तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यांत बसून डोंगर चढावयाचा, आणि आंखून दिलेल्या वाटेनें बर्फावरून घसरत खालीं यावयाचें. अवघड आहे ती जागेची निवड. दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्यानें केली त्यानें आल्प्स पाहिले नव्हते. परंतु माहितीपत्रकांतील चित्रांस ती तंतोतंत लागू पडते.

या माहितीपत्रकांत सर्वांत ठळक छापलेला आंकडा वाटांच्या लांबीचा असतो. फ्रान्समध्यें 'त्र्वा वाले', म्हणजे 'तीन खोरीं', या नांवाचा विख्यात प्रदेश आहे. कुर्शवेल, मेरिबेल, वाल तोरांस इत्यादि गांवें तेथें पाळण्यांनीं एकमेकांस जोडलेलीं असून एकंदर वाटा ६०० किलोमीटर सांगतात. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांतील 'स्कीवेल्ट' सुमारें २७० किलोमीटरांचा अभिमान बाळगतो. कॅनडांतील व्हिस्लर ब्लॅककोंब आपला विस्तार एकरांत मोजतो आणि तो ८,००० एकरांच्या वर आहे. हे आंकडे वाचून सामान्य मनुष्य दिपून जातो आणि मोठें तेंच चांगलें असें धरून चालतो.

हे आंकडे आधीं पारखून घेतले पाहिजेत. इ. स. २०१३ मध्यें एका जर्मन तज्ज्ञानें अनेक ठिकाणच्या वाटा स्वतंत्रपणें मोजल्या, तेव्हां कित्येकांची जाहिरातींतील लांबी प्रत्यक्षाहून पुष्कळच अधिक निघाली. घसरणारा मनुष्य सरळ न जातां नागमोडी उतरतो. कांहीं ठिकाणीं तीं वळणेंसुद्धां लांबींत धरलेलीं होतीं! पण आंकडा खरा असला तरी तो कोणाच्या उपयोगाचा, हा प्रश्न उरतोच. सहलीचे दिवस सहा आणि बेताच्या तयारीच्या माणसास दिवसाकांठीं २५ किलोमीटर घसरणें पुष्कळ झालें, असें धरावें. आठवड्याचे १५० किलोमीटर होतात. ६०० किलोमीटरांचें तिकीट घेतलें तर उरलेले ४५० किलोमीटर डोंगरावरच राहतात.

याचा अर्थ मोठेपणा व्यर्थ आहे असा नव्हे. प्रदेश विस्तीर्ण असला म्हणजे एका खोऱ्यांत वारा सुटून पाळणे बंद पडले तरी दुसरें खोरें मोकळें असूं शकतें. दक्षिणेकडील उतारावर बर्फ वितळला तर उत्तरेकडील उतारावर तो टिकलेला सांपडतो. आणि कसलेल्या गड्यास रोज नवी वाट मिळते. परंतु हा लाभ ज्याला घेतां येईल त्यालाच.

येथें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. वडील तरुणपणापासून स्कीवर तरबेज आहेत. आईला सोप्या वाटा जमतात. सात वर्षांचा मुलगा प्रथमच बर्फ पाहणार आहे. बरोबर सत्तरीची आजी आहे. ती स्कीला हातहि लावणार नाहीं. गांव बहुधा वडील निवडतात, कारण त्यांतलें त्यांना कळतें, आणि साहजिकच तें स्वतःच्या मापानें निवडतात. मग वडील शिखरावर, आई एखाद्या उभ्या उतारावर भयानें खिळलेली, मुलगा शिकवणींत रडवेला आणि आजी दिवसभर खिडकीपाशीं, असा आठवडा जातो. चौघांनीं वर्षभर सांठविलेला पैसा एकाच्या हौसेवर खर्च होतो. आपल्याकडे मुलांच्या खेळांत लहानग्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात आणि त्याच्यासाठीं नियम सैल करितात. डोंगर कोणासाठीं नियम सैल करीत नाहीं. म्हणून निवडच लिंबूटिंबूच्या मापानें केली पाहिजे.

मुलासाठीं पाहावयाचें तें इतकेंच कीं, शिकाऊंचा सपाट उतार गांवालगत आहे काय, आणि शिक्षक त्याला समजेल अशा भाषेंत बोलतो काय. फ्रान्समधील कित्येक गांवीं शिकाऊंचे कांहीं पाळणे विनामूल्य असतात. त्याच्यासाठीं तीन खोऱ्यांचें महाग तिकीट काढणें म्हणजे रांगत्या मुलाला घोडा घेऊन देण्यासारखें आहे. आईसाठीं वाटांचे रंग पाहावेत. फ्रान्समध्यें हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, तांबडी आणि शेवटीं काळी. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या देशांत सामान्यतः आरंभच निळ्यापासून होतो. सोप्या वाटा किती आहेत यापेक्षां त्या एकमेकींस जोडलेल्या आहेत काय, हें महत्त्वाचें. वर नेणारा पाळणा असून खालीं आणणारी वाट जर तांबडीच असेल, तर आईला त्या डोंगराचा उपयोग नाहीं.

जोडलेल्या खोऱ्यांत आणखी एक मेख असते. सायंकाळीं पाळणे ठराविक वेळीं बंद होतात. शेवटचा पाळणा चुकला तर जें गांव डोंगराच्या पलीकडे जवळ वाटत होतें, तें रस्त्यानें फार दूर असतें; कारण रस्ता एका खोऱ्यानें तळापर्यंत उतरून दुसऱ्या खोऱ्यानें पुन्हां चढतो. अंधार, थंडी आणि टॅक्सीचें जबर भाडें, तिन्ही एकदम भेटतात. परतीची वेळ दुपारींच ठरविलेली बरी.

यानंतर उंचीचा विचार. हजार मीटर चढलें कीं हवा सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होते, म्हणून उंच गांवीं बर्फाची शाश्वति अधिक. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. स्वित्झर्लंडमधील झेरमाट हें गांवच जवळजवळ तितक्या उंचीवर वसलें आहे आणि वाल तोरांस तर २,३०० मीटरांवर. उलट स्कीवेल्टमधील झ्योल गांव अवघें ७०० मीटरांच्या आसपास आहे. पृथ्वीचें तापमान वाढत असल्यामुळें हा भेद आतां अधिक बोंचतो. इ. स. २०२३ च्या जानेवारीच्या आरंभीं उष्ण हवेमुळें आल्प्समधील अनेक सखल ठिकाणच्या वाटा बंद ठेवाव्या लागल्या. कृत्रिम बर्फ करणारीं यंत्रें असतात खरीं, परंतु त्यांनाहि आधीं थंडी लागते.

तरीहि केवळ उंचीवर भाळूं नये. आल्प्समध्यें साधारण २,००० मीटरांच्या वर झाडें विरळ होऊन नाहींशीं होतात. हिमवादळ आलें म्हणजे उघड्या उतारावर आकाश व जमीन एकरूप होतात आणि चढ कोणता, उतार कोणता हें कळेनासें होतें. अशा वेळीं कुर्शवेल किंवा मेरिबेल येथील झाडींतून जाणाऱ्या वाटा नवशिक्यास आधार देतात.

आजीसाठीं मात्र बर्फ नव्हे, गांव पाहावें लागतें. झेरमाटमध्यें सामान्य मोटारींस मज्जाव आहे. त्या खालच्या टेश गांवीं ठेवून आगगाडीनें वर यावें लागतें. इ. स. १८९८ पासून चालू असलेली गोर्नरग्राट येथील दांतेरी रुळांची आगगाडी स्की न येणाऱ्या माणसासहि ३,०८९ मीटरांवर नेऊन मॅटरहॉर्नच्या समोर उभें करते. झेरमाट महाग आहे. पण तेथें आजी खिडकीपाशीं बसून राहणार नाहीं.

खर्चाची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. नाताळ, नवें वर्ष आणि फेब्रुवारींतील शाळांची सुटी या दिवसांत दर व गर्दी दोन्ही शिगेस पोंचतात. नाताळची सुटी संपल्यानंतरचा जानेवारी स्वस्त, पण कडाक्याचा. मार्चमध्यें दिवस मोठा आणि ऊन उबदार.

शेवटची गोष्ट जीविताची आहे. मोटारशर्यतींतील जगज्जेता मिखाएल शुमाखर हा इ. स. २०१३ च्या २९ डिसेंबर रोजीं मेरिबेल येथें आंखलेल्या वाटांच्या बाहेर पडून खडकावर आदळला आणि त्याच्या मेंदूस गंभीर इजा झाली. तो स्कीवर सराईत होता आणि डोक्यास शिरस्त्राण होतें. वाटेबाहेरचा मऊ बर्फ मोह घालतो. पण त्याखालीं खडक दडलेला असतो आणि कधीं सबंध उतारच सुटून खालीं येतो. या हिमप्रपाताच्या धोक्याच्या पांच पायऱ्या ठरविलेल्या असून रोजची पायरी जाहीर केली जाते. ती पाहिल्यावांचून घराबाहेर पडूं नये. विमा उतरवितांना आंखलेल्या वाटेबाहेरचा अपघात आणि हेलिकॉप्टरनें सोडवून आणण्याचा खर्च त्यांत धरला आहे काय, हेंहि वाचून घ्यावें.

वाटांची लांबी विचारावयाची ती हें सर्व झाल्यावर. सायंकाळीं जेवणाच्या टेबलाशीं वडिलांपासून आजीपर्यंत प्रत्येकापाशीं त्या दिवसाचें सांगण्यासारखें कांहीं असलें, म्हणजे गांव बरोबर निवडलें असें समजावें.