न दुखणारी मुलं

जगात मोजकीच मुलं अशी जन्माला येतात की त्यांना दुखणं म्हणजे काय हे कळतच नाही. ऐकून वाटतं, किती छान!

उत्तर पाकिस्तानात असा एक दहा वर्षांचा मुलगा होता. रस्त्यावर खेळ करायचा. दंडातून सुरे आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. पुढे लहान वयातच त्यानं घराच्या छपरावरून उडी मारली आणि त्यात तो गेला.

त्याच्यावरूनच शोध सुरू झाला. तिकडच्या तीन कुटुंबांतली अशी सहा जणं केंब्रिजच्या जेफ्री वूड्स यांच्या गटानं तपासली. २००६ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: एससीएन९ए हे जनुक बिघडलेलं. वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसांमध्ये सोडियमची बारीक दारं असतात. त्यांतलं एक महत्त्वाचं दार या मुलांत उघडतच नाही. स्पर्श कळतो, गरम-थंड कळतं, गुदगुल्याही होतात. दुखत तेवढं नाही. (वासही येत नाही, हे पुढे कळलं.) सहाही जणांनी लहानपणी स्वतःचे ओठ किंवा जीभ चावून जखमा करून घेतल्या होत्या. हाड मोडलं तरी असं पोर त्याच पायावर पळत राहतं.

मग दुखण्याचं काम घरच्यांनी करायचं. रोज रात्री तळपाय, बोटं, तोंडाच्या आत, डोळे, सगळं बघायचं. कुठे सूज आहे का, कुठे हाताला गरम लागतं का? आंघोळीचं पाणी आधी आपण बघायचं, बूट झटकून घालायचे. पडलास की रडू आलं नाही तरी येऊन दाखव, हे मुलाला पढवायचं. मला यातलं हेच सगळ्यात अवघड वाटतं.

आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. दोघांकडे ती असेल, तर प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता. नात्यातल्या लग्नात हा योग जास्त येतो, आणि मामाच्या मुलीशी लग्नं आपल्याकडेही होतात. म्हणून डॉक्टरांनी "तुम्ही दोघं नात्यातले का?" विचारलं तर रागावू नका, खरं सांगा.

आणखी एक. मुलाची हाडं वारंवार मोडलेली दिसली, की इथे ब्रिटनमध्ये घरात मारहाण होते का अशी शंका घेतली जाते. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी निदानाचं पत्र कायम जवळ ठेवावं, आणि एक प्रत शाळेतही द्यावी.