‘प्रभूने मला सांगितले’: पुढचा प्रश्न कोणी विचारायचा?



ख्रिस्ती मासिकांकडे येणाऱ्या साक्षींत एक वाक्य हमखास असते: ‘प्रभूने मला सांगितले.’ नोकरी सोडली, स्थळ नाकारले, वेगळी मंडळी काढली, कारण एकच. लिहिणारा बहुधा प्रामाणिक असतो. पण खुद्द देव बोलला म्हटल्यावर पाळकाने, घरच्यांनी, संपादकाने काही विचारावे तरी कसे?

पवित्र शास्त्राला असा संकोच नाही. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत परमेश्वराच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणतो, मग बजावतो की शांतीचे भाकीत करणाऱ्याचा खरेपणा ते घडल्यावरच कळतो. पौल थेस्सलनीकाकरांना संदेश तुच्छ मानू देत नाही आणि न पारखता स्वीकारूही देत नाही. करिंथच्या मंडळीत तर दोघातिघा संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा, अशी सरळ व्यवस्थाच तो लावून देतो.

ही पारख पुढे प्रत्येक पंथाने आपापल्या रीतीने केली. दुसऱ्या शतकात फ्रुगियात माँटानस, प्रिस्किला आणि मॅक्सिमिला पवित्र आत्म्याच्या नावाने बोलू लागले. तर्तुल्यनासारखा पंडित त्यांच्याकडे ओढला गेला, तरी मंडळ्यांनी त्यांना नाकारले. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने नव्या प्रकटीकरणाने शास्त्रात भर घालण्याची वाटच बंद केली. क्वेकरांनी उलट प्रत्येकाच्या अंतरीच्या प्रकाशाला मान दिला. मात्र त्यांच्याकडे आजही एखाद्याला पाचारण झाल्यासारखे वाटले, तर काही जण त्याच्यासोबत बसतात, सल्ला न देता फक्त प्रश्न विचारतात.

कॅथलिक रीत सर्वांत सावकाश. लूर्द येथे 1858 मध्ये चौदा वर्षांच्या बर्नादेतला दर्शने झाली. बिशपांनी चौकशी समिती नेमली आणि 1862 मध्ये मान्यता दिली. तरीही अशा खासगी प्रकटीकरणावर श्रद्धा ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. 2024 च्या नियमांनुसार तर घटना अलौकिक आहे असा निवाडा सहसा दिलाच जात नाही. भक्तीला हरकत नाही, एवढेच कळवले जाते.

पारखणारेही चुकतात, हे विसरून चालणार नाही. इंग्रजांशी लढणाऱ्या फ्रेंच तरुणी जोन ऑफ आर्कला ऐकू येणाऱ्या आवाजांची धर्मन्यायालयाने कसून उलटतपासणी केली आणि 1431 मध्ये रूआँ येथे तिला जिवंत जाळण्यात आले. 1456 मध्ये तो निकाल रद्द झाला. 1920 मध्ये ती संत ठरली. त्या न्यायासनावर इंग्रजांच्या बाजूचे लोक बसले होते. पारखणाऱ्याचा स्वार्थ कशात आहे, हा प्रश्नही म्हणूनच पारखीचाच भाग ठरतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आले. तिथल्या मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या. पुढे काही अन्य भाषांत बोलू लागल्या. पाश्चात्त्य टीकाकारांना तो उन्माद वाटला. मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी मुलींना अडवले नाही. अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एक चिन्ह आहे, पण एकमेव आणि अनिवार्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच केडगावात त्या हिब्रू आणि ग्रीक ग्रंथ समोर ठेवून मराठी बायबल सिद्ध करत होत्या. 1922 मध्ये त्या वारल्या. संपूर्ण अनुवाद 1924 मध्ये छापून निघाला. उत्कट अनुभवाला जागा आणि शब्दन् शब्द तपासण्याची शिस्त, दोन्ही एकाच आवारात नांदत होत्या.

मराठी ख्रिस्ती संपादकांकडे तीच अपेक्षा आहे. साक्ष छापण्याआधी लेखकाला चार गोष्टी विचारल्या जाव्यात: संदेश मिळाल्याचे तेव्हा कोणाला सांगितले, त्यांनी काय म्हटले, त्या निर्णयाची झळ कोणाला बसली आणि सांगितल्यापैकी काय घडले नाही. उत्तरे साक्षीतच यावीत. न घडलेल्या संदेशांच्या साक्षींनाही अंकात जागा मिळावी. त्या मागवल्याशिवाय येणार नाहीत.