खालून ऐकलेलं आपलं घर

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण आज बोलणार आहे खलबत्त्याबद्दल.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होतो. नाव सांगितलं की ‘घर कालच गेलं’ हे उत्तर किती वेळा ऐकलं, ते तुमच्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको. शेवटी तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. पहिल्याच रमजानमध्ये, सहाव्या रोज्याला, खालच्या मजल्यावरचे काका दारात आले. “अरे, पहाटे चारला काय कुटता रे तुम्ही? काकूचं बायपास झालंय. एकदा जाग आली की तिला परत झोप लागत नाही.”

अम्मी सेहरीसाठी आलं-लसूण कुटायची. मी तोंडाने ‘सॉरी काका’ म्हणालो आणि मनात म्हणालो, झालं सुरू. यांना आवाज खुपत नाही, आम्ही खुपतोय. कारण आम्ही सगळे कुजबुजत वावरायचो. आमच्या घरात तर आवाज असा नव्हताच.

काकांनीच सुचवलं, “संध्याकाळी खाली ये, स्वतः ऐक.” मी गेलो. त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून अम्मीला फोन केला, “आता कूट.” बेडरूम आमच्या स्वयंपाकघराखाली नव्हती, पलीकडे होती. तरीही ठक-ठक-ठक असा आवाज थेट छतातून आला. आमचं घर मी पहिल्यांदाच खालून ऐकत होतो.

परत येऊन वाचायला बसलो. इमारतीत आवाज दोन प्रकारे जातो. बोलणं, टीव्ही यांचा आवाज हवेतून भिंतीवर आदळतो. भिंत जितकी जड, तितका तो अडतो. दुसरा प्रकार ठोक्याचा. खलबत्ता, ओढलेली खुर्ची, धावणारं मूल. हा धक्का हवेत न जाता सरळ स्लॅबमध्ये शिरतो आणि काँक्रीट त्याला दूरवर घेऊन जातं. म्हणजे जो स्लॅब बोलणं छान अडवतो, तोच ठोका पोचवतो. त्यावर उपाय मऊ थराचा. आम्ही खलबत्त्याखाली जाड गोधडी घातली, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावल्या, आणि कुटायचं काम आदल्या संध्याकाळी उरकायला लागलो. काकांची तक्रार पुन्हा आली नाही.

भिंतीबद्दलही एक हिशेब सांगतो. भिंतीत किंवा दारात एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून महागडी पॅनेल लावण्याआधी दाराखालची फट आणि भिंतीतून जाणाऱ्या पाइपभोवतीची भोकं बुजवा.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. दहा डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट कमी. लाउडस्पीकरवरची रात्रीची बंदी मशिदीच्या भोंग्याला, मंडळाच्या डीजेला आणि लग्नाच्या मिरवणुकीला सारखीच लागू आहे. राज्य सरकार सणासमारंभांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्रास मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त असेल किंवा रात्रीचं बंधन मोडलं जात असेल, तर तक्रारीचा हक्क याच नियमांत आहे.

पण हे आकडे परिसरातल्या आवाजाचे आहेत. स्लॅबमधून येणारा ठोका त्यांत मोजलाच जात नाही. त्यासाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये ध्वनिरोधावर स्वतंत्र विभाग आहे, मात्र ही संहिता मुळात शिफारस आहे. इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांतच अट आहे : नव्या फ्लॅटमधल्या भिंतीने आणि मजल्याने किमान ४५ डेसिबल अडवायला हवेत, आणि ठोक्याच्या आवाजालाही कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे बिल्डर पातळ भिंत बांधून निघून जातो आणि भांडण उरतं दोन शेजाऱ्यांत. त्यातला एक मुसलमान असला, की त्या भांडणाला भलतंच नाव मिळतं. ते नाव द्यायला मी स्वतःही तयार होतो, हे आज कबूल करतो. घर नाकारणाऱ्यांनी भेदभावच केला होता. काकांनी केला नव्हता. दोन्ही एकाच मापाने मोजलं असतं, तर काकूची झोप मला कधीच दिसली नसती.

सध्या माझ्या मामूंच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. बैठकीत कार्पेट एरिया, पार्किंग, कॉर्पस यांवर तासभर चर्चा झाली. मामूंना मी एक चिठ्ठी दिली होती. त्यांनी ती वाचून दाखवली : दोन फ्लॅटमधली भिंत किती जाडीची? टाइल्सखाली ठोका शोषणारा थर देणार का? बिल्डरचा माणूस म्हणाला, “हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

तुमच्या घरच्यांच्या सोसायटीत अशी बैठक होईल तेव्हा विचारा. करारावर सही होण्याआधी, आणि उत्तर लेखी घ्या. फरशी बसल्यावर तो थर घालायचा, तर अख्खी फरशी उखडावी लागते.