जबलपूरचे रस्ते व दिवे : नगरशासनाच्या जबाबदारीचा प्रश्न

(व्याख्यानाचा मजकूर)



रस्त्यावरचा खड्डा आणि खांबावरचा विझलेला दिवा हे विषय राजकीय सभेत क्वचितच मांडले जातात. मजुरी, महागाई, जमीन व बेकारी या प्रश्नांपुढे ते क्षुल्लक भासतात. नगरसेवकाला अर्ज देऊन मिटवावयाची ती किरकोळ बाब आहे, अशी समजूत कार्यकर्त्यांतही दृढ झालेली असते. परंतु रात्रपाळी संपवून सायकलीने घरी परतणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने अंधारातला खड्डा ही किरकोळ बाब नसते. एका पडण्यात हात मोडतो, महिन्याची मजुरी बुडते आणि कर्जाचा डोंगर उभा राहतो. जो प्रश्न श्रमजीवी कुटुंबाच्या भाकरीला भिडतो तो राजकीय प्रश्नच होय. जबलपूर शहराच्या उदाहरणावरून तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जबलपूर हे कामगारांचे शहर आहे. १८७० साली मुंबईहून आलेला व कलकत्त्याहून आलेला लोहमार्ग येथे जोडला गेला. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना १९४२ सालचा, तर व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. १९५६ साली राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशचे उच्च न्यायालयही येथे आले. याखेरीज घरोघर विड्या वळणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. कारखान्याचा भोंगा दिवसाउजेडाची वाट पाहत नाही, आणि वळलेल्या विड्या पोचवून परतणाऱ्या स्त्रीला मोटार मिळत नाही. हे लोक रस्ता वापरतात तो पायी, सायकलीवर किंवा दुचाकीवर. वरून जाणाऱ्या मोठ्या मोटारीला खड्ड्याचा धक्का बसतो. दुचाकीस्वाराला मात्र खड्डा खाली आपटतो.

आकडे हेच सांगतात. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के, तर पादचारी सुमारे १९ टक्के होते. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेशचा क्रमांक देशात दुसरा होता. त्याच वर्षी केवळ खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद १,८५६ आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत खड्ड्यांनी १४,९२६ बळी घेतले, हा आकडा डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा सीमेवर मारल्या गेलेल्यांपेक्षाही ही संख्या बहुधा अधिक असावी, असे न्यायालयाने म्हटले. पोलिसांच्या नोंदीत ज्या अपघाताचे कारण ‘वाहन घसरले’ असे लिहिले गेले, तो या हिशेबात येतच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. सार्वजनिक रस्ते बांधणे, ते सुस्थितीत ठेवणे व त्यांवर दिवाबत्ती करणे ही कर्तव्ये मध्य प्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ याच्या कलम ६६ ने महानगरपालिकेवर बंधनकारक केली आहेत. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय आहेत. रस्ते व पूल हा त्यांतील चौथा, आणि रस्त्यांवरील दिव्यांसह सार्वजनिक सोयी हा सतरावा. म्हणजे कर्तव्य कोणाचे याविषयी संदिग्धता नाही. तरीही प्रत्येक पावसाळ्यानंतर जबलपूरच्या वृत्तपत्रांतून खड्ड्यांची छायाचित्रे येतात व अंधारलेल्या वस्त्यांची गाऱ्हाणी छापली जातात. हे का घडते?

‘अधिकारी निष्काळजी आहेत’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. निष्काळजीपणाला जागा करून देणारी एक आर्थिक व्यवस्था आहे, आणि तिचे मूळ नगरशासनाच्या तिजोरीत शोधावे लागते.

पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर नगरपालिका जकात घेत असे. या कराचा बोजा शेवटी सामान्य ग्राहकावर पडत असे व नाक्यांवर भ्रष्टाचार चाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो नगरपालिकेचा स्वतःचा, रोजच्या रोज तिजोरीत पडणारा पैसा होता. १९७६ साली मध्य प्रदेशात जकात रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याचा प्रवेश कर आला. नगरपालिकांच्या वाट्याला राज्य सरकारकडून मिळणारी ‘चुंगी क्षतिपूर्ती’ उरली. मिळकतीचा हक्क गेला व अनुदानाची प्रतीक्षा आली. विजेच्या बिलांची थकबाकी या क्षतिपूर्तीतूनच परस्पर कापून घेण्याची रीतही पुढे पडली. महाराष्ट्रातील वाचकांना ही वाट अपरिचित नाही. तेथे बहुतेक महानगरपालिकांची जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, २०१५ साली तोही बव्हंशी गुंडाळण्यात आला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही संपून नुकसानभरपाईची व्यवस्था आली. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये नगरपालिकांच्या अर्थव्यवहारावर अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील नगरसंस्थांचा महसूल व खर्च दशकाहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास घुटमळत राहिला, असे त्यात नमूद आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण सात टक्क्यांच्या वर, तर दक्षिण आफ्रिकेत सहा टक्के होते.

पैसाच नाही, असा याचा अर्थ मात्र नाही. नव्या बांधकामाला पैसा असतो. देखभालीला तो नसतो. जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या २० शहरांत जबलपूरची निवड झाली. या योजनेचा कारभार निवडून आलेल्या सभेकडे न देता वेगळ्या कंपनीकडे सोपवला गेला, आणि तिचा भर शहराच्या निवडक भागावर राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मदनमहल ते दमोहनाका हा सुमारे सात किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. शहराला पुलाची गरज होती आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु पुलाचे उद्‌घाटन होते, कोनशिला बसते, मोठे कंत्राट निघते. भेगेत डांबर भरण्याचे उद्‌घाटन होत नाही, तुंबलेले गटार मोकळे केल्याची कोनशिला बसत नाही. देखभाल हे असे काम आहे की ते उत्तम झाले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच अर्थसंकल्पात काटछाट करण्याची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावर चालते.

रस्ता कसा मरतो हे जाणून घेतल्यास या कात्रीची किंमत कळते. जबलपूर परिसरात वर्षाकाठी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुष्कळ भागांत काळी माती आहे. ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. डांबरी थराला प्रथम केसासारखी भेग पडते. शेजारचे गटार तुंबलेले असल्यास पाणी रस्त्यावर साचते, भेगेतून खाली उतरते व पाया भुसभुशीत करते. वरून चाके जात राहतात आणि थर खचतो. जलवाहिनीसाठी रस्ता खोदून तो नीट न बुजवल्यास हेच अधिक वेगाने घडते. भेग बुजवण्यास थोडे डांबर व दोन मजूर पुरतात. पाया गेला की सबंध रस्ता नव्याने करावा लागतो. जागतिक बँकेच्या १९८८ च्या अहवालानुसार ८५ विकसनशील देशांत दोन दशकांत ४,५०० कोटी डॉलर किमतीचे रस्ते नष्ट झाले, आणि १,२०० कोटी डॉलरहून कमी खर्चाच्या वेळेवर देखभालीने ते वाचू शकले असते. देखभालीत वाचवलेला एक डॉलर वाहनधारकांच्या खिशातून दोन-तीन डॉलर होऊन जातो, असेही त्या अहवालाने दाखविले. शासनाची ही बचत म्हणजे वास्तविक जनतेवर लादलेला, कोणत्याही सभागृहाने मंजूर न केलेला कर होय.

दिव्यांची कथा वेगळी नाही. मध्य प्रदेशच्या वीज मंडळाचे मुख्यालय जबलपूरला होते. मंडळाचे विभाजन झाल्यावर वीजनिर्मिती व पारेषण कंपन्यांची मुख्यालये येथेच राहिली. ज्या शहरातून राज्याच्या विजेचा कारभार चालतो त्या शहराच्या गल्ल्या अंधारात असाव्यात, हा विरोधाभास पुरेसा बोलका आहे. दिवा बंद पडण्याचे कारण बहुधा विजेचा तुटवडा हे नसते. एका पेटीवर अनेक खांब जोडलेले असतात; पेटीत बिघाड झाला की सबंध ओळ विझते. तो दूर करण्यास शिडी, सुटे भाग व लाइनमन लागतो. २०१५ पासून देशभर एलईडी दिवे बसवण्याची मोहीम निघाली आणि विजेच्या बचतीतून खर्च फेडण्याची कंत्राटी पद्धत रूढ झाली. विजेची बचत झाली हे मान्य केले पाहिजे. परंतु दुरुस्ती कंत्राटाच्या कलमांत बंदिस्त झाली. दिवा बसवणारा एक, देयक मंजूर करणारा दुसरा व तक्रार ऐकणारा तिसरा, अशी स्थिती आली. ज्या ज्या शहरात कायम लाइनमन व रस्तादुरुस्तीच्या टोळ्या संपल्या, तेथे कमी मजुरीचा, संरक्षक साधनांवाचून खांबावर चढणारा कंत्राटी कामगार आला. नागरिकाचा अंधार व या कामगाराची असुरक्षितता यांचा उगम एकच आहे.

यात हद्दींचा गुंता भर घालतो. एकाच कामगाराच्या घरापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर महानगरपालिका, छावणी परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग व कारखान्याची वसाहत अशा अनेक मालकांच्या हद्दी लागतात. खड्डा हद्दीवर असला की तो कोणाचाच नसतो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले गेले. त्यामुळे वसाहतींच्या रस्त्यांविषयी दाद मागण्याचे दरवाजेही बदलले.

लोकनियंत्रणाची स्थिती काय होती? २०२० साली महानगरपालिकेची मुदत संपली, आणि जुलै २०२२ मध्ये निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. २०२२ साली काँग्रेसतर्फे निवडून आलेले महापौर फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले. मतदाराने दिलेला कौल असा एका प्रवेशसोहळ्यात बदलतो, तेव्हा वॉर्डातल्या दिव्याचा जाब कोणी कोणाला विचारावा? याच शहरात मार्च १९२३ मध्ये नगरपालिकेच्या टाऊन हॉलवर तिरंगा फडकवून झेंडा सत्याग्रहाची ठिणगी पडली होती. नगरपालिका ही परकीय सत्तेच्या छायेतही जनतेला आपली वाटणारी संस्था होती. तिचे अधिकार व तिजोरी पोकळ होणे ही लोकशाहीचीच झीज आहे.

‘निधी नाही’ या सबबीला मध्य प्रदेशातूनच उत्तर मिळाले आहे. रतलाम नगरपालिकेच्या एका वॉर्डातील रहिवाशांनी उघडी गटारे व घाण यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पैसा नसल्याची सबब सांगून नगरपालिकेला कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही, असा निर्णय २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिला. हे अय्यर १९५७ च्या केरळमधील पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने चांगल्या रस्त्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हे निर्णय मोलाचे आहेत. परंतु भरपाई मृत्यूनंतर येते. दुरुस्ती मृत्यूपूर्वी व्हावयास हवी. न्यायालयाचा आदेश अमलात आणवून घेणारी शक्ती वस्तीत संघटित नसेल, तर तो कागदावरच राहतो.

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. कामगार कारखान्याच्या फाटकापर्यंत संघटनेचा सभासद असतो. फाटकाबाहेर पडताच तो एकटा नागरिक होतो. पगारवाढीसाठी झुंजणारी संघटना त्याच्या घरच्या वाटेबद्दल मौन पाळते. ही दरी बुजवणे हेच खरे काम आहे. ‘खड्डा बुजवा’ एवढीच मागणी केल्यास निवडणुकीपूर्वी मुरूम टाकला जातो आणि पहिल्या पावसात तो वाहून जातो. मागणी व्यवस्थेला भिडणारी हवी : अर्थसंकल्पात देखभालीची स्वतंत्र, अन्यत्र न वळवता येणारी तरतूद, प्रत्येक रस्त्यावर कंत्राटदाराचे नाव, खर्च व दोषदायित्वाची मुदत दाखवणारा फलक, प्रत्येक खांबाला क्रमांक व बंद दिव्याच्या दुरुस्तीची ठरलेली मुदत, खोदकाम करणाऱ्याकडूनच रस्ता पूर्ववत करून घेणे, दुरुस्ती कामगारांना कायम नोकरी व सुरक्षा साधने, आणि चुंगी क्षतिपूर्तीची रक्कम वेळेवर व पूर्ण.

यासाठी मोर्च्याआधी नोंदवहीची गरज आहे. पाळी सुटल्यावर घरी जाणाऱ्या चार कामगारांनी आपल्या वाटेवरचे बंद दिवे व खड्डे खांबांच्या क्रमांकानिशी व तारखेनिशी टिपून ठेवले, विडी कामगार स्त्रियांनी आपल्या गल्लीची तशीच नोंद केली आणि महिन्याने ती वॉर्डाच्या सभेपुढे वाचली, तर ‘तक्रार आली नाही’ असे म्हणण्याची सोय उरणार नाही. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे आहे त्यांना घरी सुखरूप पोचण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क संघटित मागणीवाचून मिळालेला नाही व मिळणारही नाही.