परिचर्येची भाषा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या यादीत परिचर्येच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळविलेल्या मुलींची नावे ऐकून मला विशेष समाधान वाटले. त्यांत दोन मुलगेही आहेत, ही आणखी आनंदाची गोष्ट. कोणी दोन वर्षांच्या ए.एन.एम.ला, कोणी तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला, तर कोणी चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला जात आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. वैद्यकातील मला फारसे कळत नाही. परंतु मुलांना बोलावयास आणि ऐकावयास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा परिचारिकेच्या बोलण्यासंबंधी मी चार शब्द सांगितले, तर ते अनाठायी होणार नाहीत असे वाटते.

अशा मुलींच्या आईवडिलांना एकच धास्ती असते : ‘पोरीचे इंग्रजी कच्चे आहे, तिचा निभाव कसा लागेल?’ ही धास्ती अगदीच निराधार नाही, कारण पुस्तके इंग्रजीत असतात. परंतु इंग्रजी ही अभ्यासाने सुटणारी अडचण आहे. रोज दहा शब्द वहीत उतरविणारी मुलगी वर्षभरात तीन हजारांवर शब्द जमविते. याहून अवघड अशा काही अडचणी आहेत, आणि त्यांचा उल्लेख कोणी करीत नाही.

पहिली अडचण रुग्णाची भाषा समजण्याची. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचेच पाहा. घाटावर आणि घाटाखाली वऱ्हाडी बोलली जाते. तांड्यांवर गोरमाटी चालते, खामगाव-मलकापुरात उर्दू कानी पडते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू बोलणारे लोक आहेत. जळगाव जामोदच्या परिसरात तर निहाली नावाची एक भाषा आहे. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते अद्याप निश्चित जुळलेले नाही. कायपर नावाच्या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही भाषा बोलणारे लोक कोरकू किंवा मराठीही जाणतात हे खरे. पण वेदनेत माणसाच्या तोंडी येते ती मायबोलीच. अशा बाईपुढे आपली पुस्तकी मराठी इंग्रजीइतकीच परकी ठरते. म्हणून बरोबर आलेल्या नातलगाची किंवा त्या भाषेच्या जाणकाराची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

मराठी बोलणाऱ्या रुग्णाचीही भाषा नीट ऐकावी लागते. दुखण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत! पू धरलेल्या गळवाचा ठणका असतो. बाळंतीण व्हावयाच्या बाईला कळा येतात; त्या येतात आणि जातात. पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, लघवीला आग होते, ओझे वाहून खांद्याला रग लागते. वैद्याला हवी असलेली अर्धी माहिती या एकेका शब्दात असते. त्या साऱ्यांच्या जागी केसपेपरवर नुसते ‘पेन’ असे लिहिले, की ती माहिती नाहीशी होते. एखादी बाई ‘जीव घाबरते’ म्हणते, तेव्हा ती भीती सांगते, छातीतील धडधड सांगते की मळमळ, हे विचारूनच घ्यावे लागते. ‘दिवस गेले’, ‘कावळा शिवला’ हे शब्द बाहेरून आलेल्या मुलीस कसे उमगावेत? केरळातून आलेल्या कितीतरी परिचारिका मराठीचा गंध नसता महाराष्ट्रात आल्या आणि रुग्णांशी बोलत बोलत मराठी शिकल्या. त्यांना जे साधले ते आपल्या मुलींस का साधू नये?

दुसरी अडचण रुग्णाच्या संकोचाची. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले. स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरांना सांगत नाहीत, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टर हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९८९ मध्ये, डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांच्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. एवढे दुखणे घरोघर मुकाट्याने सोसले जात होते! तेव्हा पडदा ओढून घ्यावा, आवाज हलका ठेवावा, सासूच्या किंवा नवऱ्याच्या देखत नाजूक प्रश्न विचारू नये, आणि वॉर्डात ऐकलेले वॉर्डातच ठेवावे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात बजावले आहे, की बोलणाऱ्याने रुग्णास दिसेल असे बसावे, त्याच्याजवळ कुजबुज करू नये आणि त्यास खोटा धीर देऊ नये.

तिसरी गोष्ट, सांगितलेले समजले की नाही हे पाहण्याची. शिक्षक म्हणून मला ही फार जवळची वाटते. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरांतील मातांना जुलाबावरचे मीठ-गुळाचे पाणी करावयास शिकविले. शिकविणाऱ्या बायांचा मोबदला त्यांनी किती घरे केली यावर नव्हता. काही दिवसांनी तपासणी होई आणि मातांना किती आठवते यावर तो ठरे. आम्हां मास्तरांचे पगार असे ठरते तर काय झाले असते, कोण जाणे! परिचारिकेने ‘समजले ना?’ असे विचारू नये. त्यास सगळे ‘हो’च म्हणतात. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला सांगा’ असे म्हणावे. उत्तर चुकले, तर पुन्हा सांगावे, रागावू नये.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत कठीण अडचण वरिष्ठांशी बोलण्याची. रात्रीची वेळ आहे. सकाळी बाळंत झालेल्या बाईचा चेहरा पांढरा पडत आहे. शिकाऊ मुलगी चाचरत म्हणते, ‘सिस्टर, त्या बाईंना जरा बरे वाटत नाही.’ एवढ्यावरून कोण धावून येईल? अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली एक रीत आता आपल्याकडेही शिकवितात. तिला एस-बी-ए-आर म्हणतात. मराठीत तिची चार वाक्ये होतात. काय घडत आहे : ‘खाट सातवरील बाईंची घडी अर्ध्या तासात पूर्ण भिजली.’ आधी काय होते : ‘सकाळी बाळंतपण झाले, दुपारी नाडी ८० होती.’ आता काय दिसते : ‘नाडी १२०, रक्तदाब ८०/५०, मला रक्तस्राव फार वाटतो.’ काय हवे : ‘आपण आत्ता येऊन पाहावे आणि डॉक्टरांना बोलवावे.’ यात उद्धटपणा कोठेही नाही; पण संदिग्धताही नाही. तसेच फोनवरून मिळालेला हुकूम लिहून घेऊन परत वाचून दाखवावा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला सारखेच लागतात. म्हणून ‘एक-पाच’ की ‘पाच-शून्य’ हे विचारावे. ‘मला समजले नाही, पुन्हा सांगावे’ हे वाक्य ज्या मुलीस निर्भयपणे म्हणता येते, तिला तिच्या व्यवसायाची भाषा आली असे मी समजतो.

आणि येथेच, वडीलधारी मंडळींनो, प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. मुलीच्या जातीने फार बोलू नये, मोठ्यांपुढे मान वर करू नये, उलट प्रश्न विचारू नये, असे आपण तिला अठरा वर्षे शिकवितो आणि एकोणिसाव्या वर्षी तिला वॉर्डात उभी करतो. तेथे तिचे गप्प बसणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते! नम्रता हा गुण आहे; परंतु भय म्हणजे नम्रता नव्हे. इंग्रजीची भिंत मुलगी स्वतः ओलांडील. ही दुसरी भिंत आपण बांधली आहे, ती आपणच काढावयास हवी. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापन केले आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणास पाठविले. त्या काळी लोकांनी नावे ठेविली. पण त्या बाया डगमगल्या नाहीत. आज रात्रपाळीवरून येणाऱ्या मुलीकडे पाहून कोणी कुजबुजले, तर आपण तिच्या बाजूने स्पष्ट बोलले पाहिजे. तिला बोलण्याचे बळ येते ते घरातूनच.

मंडळास माझी एक विनंती आहे. दर सुट्टीत या विद्यार्थ्यांना एकत्र बोलवावे. समाजातील निवृत्त परिचारिकांनी त्यांच्याकडून ती चार वाक्ये म्हणवून घ्यावीत, आणि आपल्या आजीबाईंनी रुग्ण होऊन आपल्या ठसक्यात दुखणी सांगावीत. यास खर्च नाही; खोली आणि सतरंजी मंडळाजवळ आहेच. आणि आईवडिलांनो, आजपासून जेवताना मुलीला विचारा, ‘तुला काय वाटते?’ आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या.

मुलींनो आणि मुलांनो, आपल्या हातून अनेकांची दुखणी हलकी होवोत, असा आशीर्वाद देतो.