सैनिकाचे वस्त्र
(संस्थेच्या वर्धापनदिनी दादर येथे दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मंडळाने मला दिले, याबद्दल मी आभारी आहे. मी कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून परळच्या एका शाळेत तीन तपे शास्त्र आणि गणित शिकवून निवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहे. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण करू नये. मी एका ऐकलेल्या संभाषणाचे आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे निवेदन करणार आहे.

गतवर्षी याच दिवशी, भोजनानंतर, या सभागृहाच्या व्हरांड्यात आपल्या ज्ञातीतील तीन सैनिक बोलत बसले होते. एक १९७१ च्या युद्धात लढलेले वृद्ध सुभेदारसाहेब, दुसरे १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत असलेले हवालदारसाहेब आणि तिसरा रजेवर आलेला आपला एक तरुण जवान. विषय होता सैन्याच्या नव्या पोशाखाचा. १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी, दिल्लीच्या संचलनात हा पोशाख प्रथम जनतेसमोर आला. तो राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झाला असून त्याच्या कापडात सत्तर भाग सूत आणि तीस भाग पॉलिस्टर आहे. त्यावर मोठाल्या ठिपक्यांऐवजी बारीक चौकोनांची नक्षी आहे.

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या ज्या जंगी पलटणीत सुभेदारसाहेबांनी नोकरी केली, तिची स्थापना १७६८ साली याच मुंबई बेटाच्या रक्षणासाठी झाली होती. त्या काळी कंपनीच्या शिपायाचा डगला लाल असे. शत्रूला आपण दिसावे आणि त्याने भ्यावे, असा तेव्हाचा हिशेब होता. बंदुकांचा पल्ला व नेम सुधारला, तसा हा हिशेब उलटला. १८४६ नंतर पेशावरकडे लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या गाइड्स पथकाला मातकट रंगाचे कपडे दिले. त्यातूनच ‘खाक’ म्हणजे धूळ या फारसी शब्दावरून आलेली खाकी रूढ झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या अरण्यात हीच खाकी डोळ्यांत भरू लागली आणि कपडे हिरवे रंगवावे लागले. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने ऑलिव्ह हिरवा रंग घेतला. सुभेदारसाहेब तोच रंग अंगावर घालून डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढले. लाल डगल्यापासून आजच्या चौकोनांपर्यंतचा हा प्रवास एका वाक्यात सांगावयाचा, तर सैनिकाने दिसावे येथून सैनिकाने दिसू नये येथपर्यंतचा आहे.

नंतर गोष्ट निघाली शिरस्त्राणाची. पोलादी शिरस्त्राण पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच व ब्रिटिश सैन्यांत आले. ते मुख्यतः वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांपासून डोके वाचविण्यासाठी होते. परंतु त्याने एक नवीनच संकट आणले. रानात गुळगुळीत आणि वाटोळी वस्तू क्वचितच असते, त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी तिच्यावरच खिळते. त्यातून ते भिजले की चकाकते. म्हणून त्यावर जाळी चढवावयाची, तिच्यात गोणपाटाच्या चिंध्या आणि झाडपाला खोवावयाचा, म्हणजे त्याचा गोल आकार मोडतो.

सुभेदारसाहेब हसून म्हणाले, “आमचे उस्ताद सांगत, पाला तोडून लावणे ही अर्धीच विद्या. दुपारपर्यंत तो कोमेजतो आणि हिरव्या शेतात वाळकी पाने चालू लागतात. तोच शत्रूला इशारा.”

हवालदारसाहेब म्हणाले, “आणि एका उतारावरचा पाला दुसऱ्या उतारावर नेला, तरी घात. आमच्याकडे तर पालाच नव्हता. नुसता खडक. तिथे धूळ आणि सावली हाच आमचा पाला.”

भगिनींनो, दारावरचे आंब्याचे तोरण चार दिवसांनी कसे दिसते, हे आपण जाणता. त्याच ज्ञानावर तेथे प्राण अवलंबून असतात.

मग त्या तरुणाने सांगितले की, आताचे नवे शिरस्त्राण पोलादी नसते. ॲरामिड नावाच्या अतिबळकट धाग्याच्या कापडाचे थर राळेने सांधून आणि दाबून ते घडवितात. हे ऐकून मला लालबागच्या गिरणीत मागावर उभे राहून आयुष्य घालविलेल्या माझ्या वडिलांची आठवण झाली. विणलेले कापड पोलादाची जागा घेईल, हे त्यांना सांगितले असते, तर त्यांनी माझी थट्टा केली असती.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. सुभेदारसाहेबांनी विचारले, “बाळ, कपडा हलका आहे, हे दिसतेच. पण आगीचे काय?”

तरुण म्हणाला, “साहेब, पावसात हा लवकर वाळतो आणि टिकतोही चांगला. निव्वळ सुती कपडा भिजला की दिवसभर अंगाला चिकटून राही. रणगाड्यातील आणि विमानातील माणसांना आगीसाठी वेगळा पोशाख असतो.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. मी वर्गात दरवर्षी एक प्रयोग करीत असे. चिमट्यात सुती धागा धरून मेणबत्तीवर नेला, की तो भुरूभुरू जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि करडी, हलकी राख उरते. लोकरीचा धागा नाखुशीने पेटतो, केस जळाल्याचा वास येतो आणि ज्योतीबाहेर काढताच तो बहुधा विझतो. पॉलिस्टरचा धागा प्रथम आक्रसतो, मग वितळून थेंबाथेंबाने गळतो आणि त्याची काळी, टणक गोळी होते. हा वितळबिंदू सुमारे २६० अंश सेल्सिअस असतो. सूत जळते, परंतु वितळत नाही. पॉलिस्टर वितळते आणि तो तप्त रस कातडीला चिकटतो. रणगाड्यातील सैनिकांच्या पोशाखासाठी जो ॲरामिडचा प्रकार वापरतात, तो वितळत नाही, नुसता कोळसतो. मग सर्वांनाच तो का देऊ नये? कारण तो महाग असतो आणि दिवसभर ओझे घेऊन चालणाऱ्या पायदळाच्या माणसाला घाम व उष्णता हेही शत्रूच असतात. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला दार उघडतो. म्हणूनच वस्त्राचा निर्णय कठीण असतो.

आग म्हणजे काय, हे या शहराला सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी त्यातील दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझविण्यास गेलेले सहासष्ट जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. तसल्या स्फोटापुढे कोणताही पोशाख टिकत नाही. अग्नीला हरविणे हे वस्त्राचे काम नव्हे. माणसाला निसटून जाण्यासाठी ते चार-दोन क्षण मिळवून देते. परंतु त्या क्षणांचे मोल काय, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

१९७६ साली लालबागच्या आमच्या चाळीत, स्टोव्हचा भडका उडून माझ्या थोरल्या बहिणीची नायलॉनची साडी पेटली. आम्ही सर्वजण पाण्यासाठी धावलो. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले माझे मामा तेव्हा घरी होते. त्यांनी बिछान्यावरची आपली लोकरी कांबळ उचलली, ती तिच्याभोवती घट्ट लपेटली आणि तिला जमिनीवर आडवे केले. ताई वाचली. परंतु जेथे साडीचा रस चिकटला, त्या उजव्या हातावरचे व्रण आजही तसेच आहेत. धाग्यांचा तो प्रयोग मी शिक्षक झाल्यावर आवर्जून का करीत होतो, हे आता आपल्या ध्यानी येईल.

आणि तरीही माझ्या हातून चूक झाली. गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीत मंडळाने ज्ञातीतील सेवारत जवानांना भेट पाठविण्याचे ठरविले. खरेदीची जबाबदारी माझ्याकडे होती. मी दादरच्या बाजारातून घाम टिपणारे, झटपट वाळणारे, चकचकीत गंजीफ्रॉक घेतले. ते सगळे निव्वळ पॉलिस्टरचे होते. व्हरांड्यातील त्या संभाषणाच्या शेवटी हवालदारसाहेब हळूच म्हणाले, “गुरुजी, रागावू नका. तुम्ही पाठवलेत ते प्रेमाने. पण मोर्चावर अंगालगत असला कपडा आम्ही आमच्या पोरांना घालू देत नसू. वरचा कपडा पेटला, तर आतला कातडीत उतरतो.” २००६ साली अमेरिकेच्या मरीन सैन्यानेही इराकमध्ये तळाबाहेर जाताना असे कपडे घालण्यास याच कारणास्तव बंदी केली होती, असे मी मागाहून वाचले. मी मान खाली घातली. ताईचा हात मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसत होता. छत्तीस वर्षे जो धडा मुलांना दिला, तो दुकानात उभा असताना मला आठवला नाही. आणि ज्यांच्यासाठी खरेदी करावयाची, त्यांना एक पत्र टाकून विचारावे, हे तर कोणालाच सुचले नाही.

अशी चूक करणारा मी एकटा नव्हे. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नदीच्या काठी, हिमालयाच्या उंचीवर, आपले जवान सुती पोशाखात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. त्यानंतर गिरगाव-दादरच्या चाळींतून बायकांनी रात्री जागून स्वेटर विणले, असे माझी आई सांगे. ती माया खरी होती, परंतु लोकर थंडीनंतर पोहोचली. सैनिकाच्या वस्त्राचा विचार युद्धाआधी आणि सैनिकाला विचारूनच व्हावा लागतो.

म्हणून मंडळाला व आपणा सर्वांना माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, यंदाच्या दिवाळीची भेट ठरविण्यापूर्वी प्रत्येक जवानाला काय हवे ते विचारावे. तशी पत्रे लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. दुसरी, भगिनींनी स्वयंपाक करताना शक्यतो सुती वस्त्र नेसावे, पदर खोचलेला ठेवावा आणि प्रत्येक घरात एक लोकरी कांबळ हाताशी असावी. सुती वस्त्रही पेटते, हे विसरू नये. कृत्रिम धाग्याप्रमाणे ते वितळून अंगाला चिकटत नाही, एवढाच त्याचा गुण. तिसरी, धाग्यांचा तो प्रयोग वडीलधाऱ्यांनी पाण्याचे भांडे जवळ ठेवून मुलांना एकदा तरी दाखवावा. पुस्तकात वाचलेले विसरते. चिमट्याच्या टोकावर पाहिलेले सहसा विसरत नाही. मी विसरलो, हा अपवाद आपण पोटात घालावा.

तो तरुण जवान आज सीमेवर आहे. निघताना तो माझ्या पाया पडला, तेव्हा मी त्याच्या बाहीचे कापड बोटांत धरून पाहिले. तो हसून म्हणाला, “मास्तर, परीक्षा घेताय का?” मी म्हणालो, “नाही रे बाबा, या वेळी मी शिकतो आहे.”